अडगळीच्या यादीतला देव

सोळा वर्षं मी अमेरिकेत होते. म्हणजे फक्त कानांनी. बाकी सगळी मी पनवेलच्या जुन्या बाजारात, साड्यांच्या दुकानावरच्या माळ्यावर, हात तुटलेल्या खुर्चीत बसलेली असायचे. हा खुलासा आधीच करून टाकते, कारण मी निवृत्त झाल्यापासून आमच्या सोसायटीतल्या बायका 'वनिताताई अमेरिकेच्या राजकारणात होत्या' असं सांगत सुटल्या आहेत, आणि मीही ते पुरेशा जोरात नाकारत नाही.

आमचं काम ट्रान्स्क्रिप्शनचं. तिकडे कोणी काही बोललं की त्याचं रेकॉर्डिंग इकडे येतं. आपण ते कानात घालून ऐकायचं आणि टाइप करायचं. पायाखाली शिवणाच्या मशीनसारखं एक पेडल असतं. दाबलं की आवाज पुढे सरकतो, सोडलं की थांबतो. एका तासाचं बोलणं उतरवायला चार तास लागतात. बोलणारा जेवत जेवत बोलत असेल तर सहा. सुरुवातीला आम्ही डॉक्टरांचं उतरवायचो. तिथला डॉक्टर सँडविच चावत कोणाच्या तरी मूत्रपिंडाचं वर्णन करायचा, आणि त्याच वेळी खाली रस्त्यावर न्हावा शेव्याकडे निघालेला कंटेनरवाला हॉर्नवर हात ठेवून बसलेला असायचा. तरी आमचं मूत्रपिंड कधी चुकलं नाही. पुढे ते काम गेलं आणि राजकारणाचं आलं. डॉक्टर निदान मुद्द्याचं बोलायचे हो!

आता बाहेरच्या माणसाला कळावं म्हणून दोन गोष्टी सांगते. उतरवायचे दोन प्रकार असतात. एक 'व्हर्बेटिम', म्हणजे जसंच्या तसं, अडखळणं-खाकरण्यासकट. दुसरा 'क्लीन'. त्यात बोलण्यातली अडगळ काढून टाकायची. अं, म्हणजे, काय म्हणतात ते, कळलं का, असले जे शब्द माणूस विचार करायला वेळ मिळावा म्हणून तोंडातून सोडतो त्यांना आम्ही फिलर म्हणतो. कोणते शब्द फिलर धरायचे याची यादी गिऱ्हाईक देतं. काही पुढाऱ्यांचं भाषण क्लीन केल्यावर कागदावर इतकं कमी उरायचं की आपल्या हातून फाईल उडाली की काय म्हणून मी घाबरून पुन्हा ऐकायचे.

दुसरी गोष्ट म्हणजे कंस. टाइप करणाऱ्याला स्वतःचं तोंड नसतं. त्याने जे काही म्हणायचं ते चौकोनी कंसात. [हशा], [खोकला], [अस्पष्ट], [उत्तर नाही]. एवढंच आमचं साहित्य.

तर हे राजकारणाचं काम पाठवायचा ईथन नावाचा एक तिशीतला गृहस्थ. त्याची कंपनी तिकडच्या पुरोगामी उमेदवारांना सल्ला देते. व्हिडिओ कॉलवर फार गोड बोलायचा. मी 'फाईल मिळाली' म्हटलं तरी 'अमेझिंग!' म्हणायचा. त्याने पहिल्याच दिवशी फिलरची यादी पाठवली. वरचे शब्द नेहमीचेच होते. खाली मात्र असे होते: आमेन, प्रेझ गॉड, गॉड विलिंग, लॉर्ड नोज, गॉड ब्लेस यू. थोडक्यात, तथास्तु, देव जाणतो, देव तुझं भलं करो, असलं सगळं.

माझ्या शेजारच्या मशीनवर नाझनीन बसायची. मोहल्ल्यातली, माझ्याहून वीस वर्षांनी लहान आणि कानाची माझ्याहून तयार. यादी वाचून ती म्हणाली, "ताई, गॉड विलिंग म्हणजे आपलं इन्शाल्ला. ते अडगळ कसं हो? मी तर ते बोलल्याशिवाय उद्या येते म्हणून पण नाय सांगत."

"म्हणूनच तू उद्या येत नाहीस," मी म्हटलं. "गिऱ्हाइकाने सांगितलंय ना? नियम म्हणजे नियम. गपगुमान खोड."

हे मी जरा तोऱ्यातच बोलले होते. कारण खरं सांगायचं तर मला ती यादी आवडली होती. मी नास्तिकाची मुलगी. पनवेलच्या खाडीपलीकडे आमचं गाव. जमिनी घ्यायला सरकार आलं तेव्हा माझे वडील, म्हणजे दादा, गावच्या कमिटीत होते. दादांनी जन्मात देवाला हात जोडले नाहीत. पण गावात सावली आणि कर्णा दोन्ही असलेली जागा एकच, गावदेवीचं देऊळ. त्यामुळे कमिटीच्या सभा तिथे व्हायच्या आणि दादा देवीकडे पाठ करून भाषण करायचे. मोर्चाला निघायच्या आधी गावच्या बायका देवीची ओटी भरत. त्यात तास जाई. एकदा दादा वैतागले. "मोर्चा हाय, जत्रा नाय. वटीबिटी बंद!" असं त्यांनी जाहीर केलं. माझी आई सगळ्यांदेखत म्हणाली, "देवीला सांगितल्याबिगर आमी नाय येनार. तुमी जा एकलं." दादा गेले. अकरा पुरुष आणि एक झेंडा. साहेबाने कचेरीतून बाहेर डोकावूनसुद्धा बघितलं नाही.

त्यापुढच्या मोर्चाला दादांनी ओटीवर बंदी घातली नाही. बायका आत ओटी भरत होत्या आणि दादा बाहेर, चपलांच्या ढिगापाशी, घड्याळ बघत उभे राहिले. आत गेले नाहीत, हात जोडले नाहीत, पण सगळ्या बाहेर येईपर्यंत थांबले. मग गाव निघालं. मी तेव्हा शाळेत होते आणि मला वाटलं, दादा हरले. ईथनची यादी बघून मला मनातून बरं वाटलं ते त्यामुळेच. म्हटलं, वा, इथे बघा कशी स्वच्छ माणसं आहेत, देवाला दारातच चपलांसारखं काढून ठेवलंय.

स्वच्छपणा किती खोल आहे ते हळूहळू कळत गेलं. त्यांच्या एका आघाडीची सभा आठवते. सभेची सुरुवात प्रार्थनेने करावी का, यावर चाळीस मिनिटं वाद. एक पाद्री म्हणत होते, दोन ओळी म्हणू द्या, आमच्या लोकांना सवय आहे. दुसरे म्हणाले, याने सगळ्यांना सामावून घेतल्यासारखं वाटणार नाही. शेवटी तोडगा निघाला. प्रार्थना नको, डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्यायचं. मग कोणीतरी घंटी वाजवली. मग एका बाईंनी सुक्या पाल्याची जुडी पेटवली, हवेतली नकारात्मकता जावी म्हणून. लायटरचा आवाज आला, मग [खोकला], मग आणखी [खोकला]. आमच्याकडे याला धूप म्हणतात. शेवटी त्या बाईंनी विश्वाचे आभार मानले. मी यादी तपासली. विश्वाचे आभार फिलरमध्ये नव्हते. देवाचे होते.

मग ही सभा ज्या जमिनीवर भरली आहे ती मुळात कोणाची होती, त्या लोकांचं नाव घेऊन त्यांना नमस्कार झाला. मी पेडलवरचा पाय काढला. आमच्या भाताच्या खाचरांवर आता विमानतळ उभा आहे. विमानात चढताना कोणी आमचं नाव घेत असेल तर माझ्या कानावर अजून आलेलं नाही.

देववाल्यांचंही फार कौतुक नको. तेच पाद्री पुढे एकदा प्रार्थनेला उभे राहिले ते सतरा मिनिटं बसलेच नाहीत. डोळे मिटून देवाला सांगता सांगता त्यांनी पार्किंगची तक्रार केली, केकविक्रीची तारीख जाहीर केली आणि कोणा एका बहिणीने भांडी परत केली नाहीत हेही देवाच्या कानावर घातलं. यादीप्रमाणे सगळं खोडायचं की फक्त देवाचं नाव, हे विचारायला मी ईथनला मेल केली. त्याने उत्तर दिलं, 'ग्रेट क्वेश्चन!' बस, एवढंच.

आणि मग आल्या मिस लोरेन.

साठी ओलांडलेल्या बाई; 'मिस' हे तिकडचं आदराने म्हणायचं. आयुष्यभर शाळेची बस चालवलेली, चर्चमध्ये सेवेकरी. आवाज असा की कानातले हेडफोन गरम व्हावेत. त्यांच्या वस्तीतल्या भाड्याच्या घरांना बुरशी धरली होती आणि नातवाला दमा झाला होता. घरमालक दाद देईना म्हणून बाईंनी अख्खी गल्ली उभी केली, आणि आता त्या नगरपालिकेला उभ्या राहणार होत्या. त्यांचा वॉर्ड असा की पुरोगामी आघाडी ज्याच्या मागे उभी राहील तोच टिकणार; बाकीच्याला पत्रकं वाटायलाही माणसं मिळणार नाहीत. समोर दुसरा उमेदवार एक प्राध्यापक. आघाडीच्या निवड समितीने दोघांच्या मुलाखती घेतल्या. ऐकत बसायला समितीला वेळ नव्हता. उतरवलेले कागद वाचून ते ठरवणार होते.

मिस लोरेनची फाईल मी स्वतः घेतली. बाई बोलायच्या छान, पण समोरचा बोलत असतानाही मधे मधे 'आमेन' म्हणायच्या. आपल्याकडे कोणी गोष्ट सांगताना समोरचा 'हं, हं' करतो ना, तसं. प्रश्न अर्धा झाला की आमेन. पूर्ण झाला की आमेन. मी खोडत चालले. दहाव्या मिनिटापर्यंत माझं बोट आपोआप चालायला लागलं. 'देवाने मला गुडघ्यावर बसवून सांगितलं, शेजारणीचं दार वाजव,' असं एक वाक्य होतं. तेवढं मात्र ठेवलं. ते फिलर नव्हतं, कर्ता-कर्म-क्रियापद सगळं होतं त्यात.

एकतिसाव्या मिनिटाला समितीच्या माणसाने विचारलं, "दोन बायकांना, दोन पुरुषांना लग्न करून सन्मानाने राहण्याचा हक्क आहे. तुमच्या चर्चने विरोध केला तरी तुम्ही त्यांच्या बाजूने उभ्या राहाल का?"

मिस लोरेन म्हणाल्या, "आमेन. लॉर्ड नोज, आमेन."

पुढचा प्रश्न कचऱ्याच्या गाड्यांचा होता.

माझ्या बोटाने आमेन खोडलं, लॉर्ड नोज खोडलं, आमेन खोडलं. प्रश्नाखाली जागा रिकामी राहिली. रिकामी जागा ठेवायची नाही असा नियम आहे. म्हणून मी तिथे टाइप केलं: [उत्तर नाही].

आणि डबा खायला गेले. बोंबलाचं कालवण होतं, चांगलं आठवतंय. अशा वेळी माणसाला काहीतरी वाटायला हवं. छे! दोन घास जास्तच जेवले मी.

आठवड्याभराने समितीच्या बैठकीचं रेकॉर्डिंग आलं, तेही माझ्याच वाट्याला. सगळे जण मिस लोरेनबद्दल बरं बोलत होते, म्हणजे 'पण' येईपर्यंत. मग एकजण म्हणाला, "लग्नाच्या प्रश्नावर बाईंनी तोंड उघडलं नाही. इथे स्पष्ट लिहिलंय."

मग रायली नावाची मुलगी बोलली. विशी-बाविशीची असेल. ती एका मुलीबरोबर राहायची. हे कळल्यावर आईवडिलांनी तिला घराबाहेर काढलं होतं, आणि दार लावण्याआधी सगळ्यांनी तिच्याभोवती उभं राहून तिच्यासाठी प्रार्थना केली होती. हे तिने अगदी सपाट आवाजात सांगितलं. मग म्हणाली, "ही शांतता मला पाठ आहे. मी माझ्या वडिलांना विचारलं होतं, मी अजून तुमची आहे ना? तेही असेच गप्प बसले होते."

अंतिम मत पुढच्या बैठकीत घ्यायचं ठरलं, पण कल प्राध्यापकाकडे होता.

मी पेडल सोडलं. त्या घंटीच्या सभेपासून मी यादीवर हसत आले होते, पण ज्या मुलीने दार लावल्याचा आवाज ऐकला आहे तिला आमेन ऐकवत नसेल तर तिचं काय चुकलं? आणि इथे तर तिला आमेन ऐकूच आलं नव्हतं. तिने ऐकली ती माझी शांतता होती. मी बनवलेली.

जुनी फाईल काढली. एकतिसावं मिनिट. नाझनीनने माझं तोंड बघितलं, एक हेडफोन स्वतःच्या कानाला लावला आणि म्हणाली, "परत लावा." तीनदा ऐकलं आम्ही. बाकी प्रश्नांना आमेननंतर उत्तर होतं; इथे आमेन हेच उत्तर होतं. 'मी सांगितलं होतं' असं ती म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं.

मी ईथनला कॉल लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"पण वनिता, तुम्ही गाईडलाईन अगदी बरोबर पाळली आहे. मग चूक कुठे आहे?"

"बाईंनी हो म्हटलं आणि आपण नाही लिहिलं."

"नाही असं नाही लिहिलं. उत्तर नाही असं लिहिलं. आणि तांत्रिकदृष्ट्या ते फिलर होतं."

"अहो, तो त्यांचा होकार होता!"

"ही यादी सगळ्यांना सामावून घ्यायला केली आहे," तो म्हणाला. आवाज पडला होता बिचाऱ्याचा. सगळ्यांना सामावून घेता घेता एका बाईला खोडलं होतं, हे त्यालाही दिसत असावं. पण यादी चुकली म्हणायची तर इतक्या वर्षांच्या सगळ्याच फायली उघडाव्या लागल्या असत्या. सोमवारी टीमसमोर मांडतो म्हणाला. समितीची बैठक त्याच्या आधीच्या शुक्रवारी होती. मग 'थँक यू सो मच फॉर फ्लॅगिंग' म्हणून त्याने मला फुलाचं चित्र पाठवलं.

आमच्या मालकांना सांगितलं तर ते हात जोडून म्हणाले, "वनिताताई, आपण टाइप करायचं. अमेरिका आपल्याला चालवायची नाही. गिऱ्हाईक गेलं तर या पोरींना मी काय सांगू?" तेही खोटं नव्हतं.

मी खुर्चीत येऊन बसले. समितीच्या बैठकीची फाईल अजून माझ्याच हातात होती. ती ईथनच्या कंपनीकडून न वाचताच थेट समितीच्या प्रत्येक माणसाला जायची. 'बाईंनी तोंड उघडलं नाही' हे वाक्य मी टाइप केलं आणि त्याच्यापुढे कंस उघडला.

[टाइप करणाऱ्याची नोंद: हे खरं नाही. मुलाखतीच्या एकतिसाव्या मिनिटाला उत्तर आहे: 'आमेन. लॉर्ड नोज, आमेन.' ते मी खोडलं. कृपया ऐका.]

सोळा वर्षांत कंसात 'मी' हा शब्द पहिल्यांदा लिहिला. पाठवायचं बटण नाझनीनने दाबलं. माझं बोट त्या दिवशी भरवशाचं नव्हतं. दाबताना ती म्हणाली, "बिस्मिल्ला."

तुम्हाला वाटेल, मग समितीचे डोळे उघडले. पुढच्या बैठकीचं रेकॉर्डिंग माझ्याकडे आलं. पन्नास मिनिटं चर्चा झाली, बरं का! बाईंना परत विचारायचं नाही असं आधीच ठरलं, कारण तो प्राध्यापकावर अन्याय झाला असता. चर्चा अशी की आमेन हे कायदेशीर उत्तर धरता येईल का. एकाने हो-नाहीच्या चौकटींचा फॉर्म सुचवला. एक म्हणाला, आपण श्रद्धेच्या भाषेबद्दल जास्त संवेदनशील व्हायला हवं. त्यावर सगळे खूश झाले आणि श्रद्धेच्या भाषेसाठी एक उपसमिती नेमली. पाल्याच्या जुडीवाल्या बाई अध्यक्ष. तोवर वेळ संपत आल्यामुळे पाठिंबा प्राध्यापकाला देऊन टाकला.

शेवटी रायली बोलली. "मी ती फीत ऐकली. एकतिसावं मिनिट. तुमच्यापैकी कोणी ऐकली?"

मी कान देऊन बसले. नंतर टाइप केलं: [उत्तर नाही]. या वेळी बरोबर होतं.

आम्हाला लेखी समज आली, टाइप करणाऱ्याने नोंदी करू नयेत म्हणून. मालक आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मिस लोरेन आघाडीशिवायच उभ्या राहणार असं कळलं. म्हणजे जी एक ओळ मी खोडली तिची किंमत ती बाई आता एकटी पायी फिरून भरणार होती. मला फार वाईट वाटायचं. घरी कोणाला सांगण्यासारखंही नव्हतं. काय सांगणार, एक आमेन हरवलं?

काही आठवड्यांनी ईथनकडून आणखी एक फाईल आली; आघाडीने नाकारलेल्या उमेदवारांचंही काम त्याची कंपनी घ्यायची. चर्चच्या तळघरातली छोटी बैठक. ताटल्यांचे आवाज, कुठेतरी पाइप ठोकल्यासारखा वाजत होता. पत्रकं वाटायला आलेल्या लोकांची माहिती टिपून ठेवायची म्हणून कोणीतरी रेकॉर्डिंग लावलं होतं. सुरुवातीला मिस लोरेननी प्रार्थना केली. त्यांची सतरा मिनिटांची नव्हती. शेवटी सगळे आमेन म्हणाले. नंतर नावं सांगायची पाळी आली, आणि तिसरं नाव आलं रायली.

मी मागे गेले, प्रार्थना पुन्हा ऐकली. आमेनमध्ये तिचा आवाज नव्हता. पण खुर्चीही सरकली नव्हती, दारही वाजलं नव्हतं. संपेपर्यंत थांबली होती पोरगी. दादा थांबले होते तशी. दादा हरले नव्हते हे कळायला मला इतकी वर्षं आणि हे कानातलं यंत्र लागलं.

मग रायली म्हणाली, "कागदावर लिहिलं होतं, तुम्ही गप्प बसलात. मी लगेच विश्वास ठेवला. माझं चुकलं."

मिस लोरेन म्हणाल्या, "मी? गप्प?" आणि तळघरातले सगळे हसले. मी टाइप केलं, [हशा].

"लिहिलं कोणी ते?" त्यांनी विचारलं.

"कोणी नाही. भारतातली कंपनी आहे, ते लोक टाइप करतात. त्यातल्याच कोणीतरी नंतर कळवलं, मी खोडलं म्हणून."

मिस लोरेन मोठ्याने म्हणाल्या, "गॉड ब्लेस यू, हनी, जिथे असशील तिथे." तिकडे कोणाला नाही, रेकॉर्डिंगच्या यंत्राकडे तोंड करून म्हणाल्या असाव्यात, कारण आवाज एकदम माझ्या कानाशी आला.

उपसमितीचा निर्णय अजून झालेला नव्हता. यादी जुनीच चालू होती आणि तिच्यात 'गॉड ब्लेस यू' शेवटून पहिलं होतं. मी देव मानत नाही, आजही मानत नाही. नाझनीन पेडल सोडून माझ्याकडे बघत होती.

मी ते टाइप केलं, पूर्णविरामासकट, आणि फाईल पाठवून दिली.